कुत्र्याला अंघोळ किती दिवसांनी? (घरात दोन तट पडलेत)

राजारामपुरी_सातवी | रविवार, दुपारी १२:१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसताच वाचक आहे, धागा पहिल्यांदा काढतोय, सांभाळून घ्या.

आम्ही कोल्हापूरचे. आमच्याकडे बंडू आहे. लॅब्राडोर, साडेतीन वर्षांचा, वजन ३४ किलो. दिवसभर घरातच असतो, सकाळ-संध्याकाळ विद्यापीठाच्या बाजूला फिरून येतो. आईचं म्हणणं, कुत्रं देवघराच्या उंबऱ्यापर्यंत येतं तर दर रविवारी त्याची अंघोळ झालीच पाहिजे. बायकोचं म्हणणं, डॉक्टरांनी महिन्या-दीड महिन्यातून एकदा सांगितलंय, उगाच त्याची कातडी सोलू नका. दोघी या विषयावर एकमेकींशी थेट बोलत नाहीत, बंडूमार्फत बोलतात. "बंड्या, तुझ्या आईला सांग, तुला वास येतोय." "बंडू, आजीला सांग, तू काही म्हैस नाहीस."

सध्या आईची सरशी आहे. दर रविवारी मी परसातल्या नळाला पाइप लावून त्याला धुतो. पण मृग लागल्यापासून वास काही केल्या जात नाही. रविवारी घमघमाट, मंगळवारी पुन्हा ओल्या गोणपाटाचा वास. आई म्हणते दोनदा घाल. तर नेमकं किती दिवसांनी घालावी? शांपू कुठला? आणि पार्लरला नेण्यात काही अर्थ आहे का? एका ठिकाणी फक्त अंघोळ आणि नखांचे ९०० रुपये सांगितले. तेवढ्यात माझे सहा महिने केस कापून होतात.

पेठेतला | १२:२५

९०० रुपये?? नाद खुळा! बंडूला म्हणावं वशिला लाव, आम्हीपण येतो.

सोनचाफा | १२:५१

तुमच्या बायकोच्या बाजूने मत. आमची पहिली कुत्री, पामेरियन, तिला मी दर शनिवारी न्हाऊ घालायचे. मुलांच्या अंघोळीसारखं, अगदी डोक्यावर शिकेकाईसुद्धा. वर्षभरात तिच्या पाठीवर कोंडा दिसायला लागला, केस राठ झाले, आणि ती रात्रभर कराकरा खाजवायची. मला वाटायचं अंगात पिसवा झाल्यात, म्हणून मी अजून धुवायचे. शेवटी डॉक्टर म्हणाले, ताई, तुम्हीच तिचं तेल काढून घेताय. कातडीला स्वतःचं तेल असतं, ते केसांवर पसरतं म्हणून पाणी आणि घाण आत जात नाही. दर आठवड्याला ते धुऊन टाकलं की कातडी कोरडी, कोरडी की खाज, खाज की जखम.

दुसऱ्या कुत्रीला दीड महिन्यातून एकदा. रोज पाच मिनिटं फणी. वास नाही, कोंडा नाही.

गवळ्याचा_पोरगा | १३:३०

आमच्यात म्हशी रोज पंचगंगेवर धुत्यात. दिवाळीच्या पाडव्याला त्यांची शिंगं रंगवून मिरवणूक काढतोय, बघायला पंचक्रोशी गोळा होती. एका म्हशीच्या कातडीला कधी काय झालं न्हाय. कुत्र्याला आठवड्यातनं एकदा पाणी लागलं तर काय बिघडतंय? लाड लई चाललेत सगळे.

तिरकस | १३:३४

@गवळ्याचा_पोरगा, म्हशीला म्हैस म्हणूनच वागवता ना? मग कुत्र्याला कुत्रा म्हणून वागवू द्या की. (हलकेच घ्या.)

जनावरांचा_डॉक्टर | १५:०५

म्हशीचा मुद्दा आला आहे तर तिथूनच सुरू करतो. म्हशीच्या अंगावर केस विरळ, कातडी जाड आणि काळी, घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कमी. पाण्यात डुंबणं ही तिची चैन नाही, अंग थंड ठेवायची गरज आहे. कुत्र्याचं उलट आहे. त्याच्या अंगावर दाट केसांचा कोट असतो, घाम येतो तो बहुतेक पंजांच्या गाद्यांना, आणि अंगातली उष्णता तो जीभ बाहेर काढून धापा टाकत घालवतो. माणसाला घामामुळे रोज अंघोळ लागते. कुत्र्याला ते कारणच नाही.

दुसरं, कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर माणसाच्यापेक्षा पातळ असतो आणि तिची आम्लता वेगळी. आपली त्वचा साधारण ५.५ पीएचच्या आसपास, कुत्र्याची ७ च्या जवळपास. म्हणून आपला शांपू त्याला चालत नाही. लहान बाळांचा सौम्य म्हणून वापरतात, तोसुद्धा माणसाच्या बाळासाठीच केलेला असतो. एखाद वेळ घरात दुसरं काही नाही म्हणून लावला तर आभाळ कोसळत नाही, पण नेहमीसाठी नको. बाटलीतलं जंतुनाशक, जे पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होतं, ते तर अजिबात नको. कुत्रं नंतर अंग चाटतं, ते पोटात जातं.

किती दिवसांनी, याचं एकच उत्तर नसतं. निरोगी, घरात राहणाऱ्या कुत्र्याला ४ ते ६ आठवड्यांतून एकदा पुरतं. आखूड केसांचं असेल तर दोन-तीन महिनेही चालतं. चिखलात लोळलं, शेणात लोळलं तर त्याच दिवशी, तिथे कॅलेंडर बघायचं नाही. आणि कातडीचा आजार असेल तर आठवड्यातून एकदा-दोनदासुद्धा, पण ती औषधी शांपूची अंघोळ. ते औषध आहे. फेस अंगावर १० मिनिटं राहू द्यायचा, मग धुवायचा. लोक लावतात आणि लगेच पाणी ओततात, मग म्हणतात गुण आला नाही.

धागाकर्त्यांना माझा एक प्रश्न: वास नेमका कुठून येतो?

अंजूताई_शाहूपुरी | १५:२२

वाचनखूण साठवली आहे. डॉक्टर, त्या १० मिनिटांचं काय करायचं तेही सांगा ना. आमचं ध्यान ४० सेकंदांत फेसासकट दिवाणावर जातं.

सोनचाफा | १५:३०

@अंजूताई, मोरीच्या फरशीला पंज्याएवढं घट्ट दही फासून द्यायचं. चाटत बसतं. मी तेवढ्यात पोटाखालून, मांडीतून सगळं लावून घेते. दही संपलं की माझंही संपलेलं असतं.

पेठेतला | १५:४१

दही कुठल्या म्हशीचं? नाहीतर वर गवळी साहेब रागावतील.

गवळ्याचा_पोरगा | १६:०२

गंगावेशीत या, धारोष्ण पाजतो. कुत्र्यालाबी आणा. पण डॉक्टरांचं पटलं बरं का. घामाचा मुद्दा डोक्यात न्हवता.

जनावरांचा_डॉक्टर | १६:१०

दूध कुत्र्याला बेतानेच. बऱ्याच प्रौढ कुत्र्यांना ते पचत नाही, मग दुसऱ्याच कारणासाठी अंघोळ घालावी लागते.

कागलकर | १७:४५

आमच्या शेतावर दोन मुधोळ आहेत. मुधोळ गाव कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात, पण ही कुत्री आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बारीक कंबर, लांब पाय, अंगाला वास म्हणून नाही. वर्षातून दोन अंघोळी, त्यातली एक बेंदराला बैलांबरोबर. बाकी ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ होता, वडिलांनी ते तिकीट जपून ठेवलंय. तिकिटावरचा आणि आमचा, दोघंही सारखेच स्वच्छ. :)

पण एका गोष्टीकडे आम्ही दुर्लक्ष केलं आणि ती महागात पडली. उसाच्या बांधावरची कुसळं. मागच्या दिवाळीत शिवा मागच्या पायावर लंगडायला लागला. काटा बघितला, नव्हता. दोन बोटांच्या मध्ये बारीक लाल फोड, दाबला तर पू. डॉक्टरांनी चिमटा घातला आणि बोटाच्या पेराएवढं कुसळ बाहेर काढलं, आत सरकत सरकत गेलं होतं. त्याची दाढी अशी असते की पुढे जातं, मागे येत नाही. तेव्हापासून शेतातून आल्यावर अंघोळ नाही, पण चारही पंजे बोटं फाकवून बघतो. कानाची पाळीसुद्धा उलटून.

रंकाळ्याचा_वारा | १८:२०

मी मध्यममार्गी. माझा गोल्डन रिट्रीव्हर पाणी दिसलं की झेपावतो. पूर्वी रंकाळ्यावर सोडायचो, आता नाही. पाण्यावर हिरवा थर आला असेल तर त्या शेवाळाच्या काही जाती विषारी असतात, कुत्र्याने ते पाणी प्यायलं किंवा नंतर अंग चाटलं तर जिवावर बेतू शकतं. मग ठरवलं, डुंबायचं ते घराच्या टबात.

माझा अनुभव असा की अंघोळीपेक्षा कोरडं करणं अवघड. याच्या वरच्या केसांखाली लोकरीसारखा दुसरा थर असतो. वरून हात फिरवला तर सुकलेलं वाटतं, आत बोट घातलं तर कातडी ओली. पावसाळ्यात तीन टॉवेल, मग टेबल फॅनसमोर तासभर. एकदा कंटाळा केला. चौथ्या दिवशी कंबरेपाशी केस चिकटलेले, उचलून बघितलं तर खाली हाताच्या पंज्याएवढी लालभडक ओली जखम. डॉक्टर म्हणाले हॉट स्पॉट. १२ दिवस औषध, गळ्यात ती प्लॅस्टिकची कॉलर, आणि घरातल्या प्रत्येकाच्या पोटऱ्यांवर कॉलरच्या कडेचे वळ.

तिरकस | १८:३१

इतके केस असतील तर उन्हाळ्यात चकोट करून टाकायचा. आमच्या शेजाऱ्यांनी केला होता स्पिट्झचा. सिंहासारखी आयाळ तेवढी ठेवली. गल्लीतली पोरं बघायला यायची.

जनावरांचा_डॉक्टर | १९:००

@तिरकस, दोन थरांच्या केसांच्या कुत्र्याचा चकोट करू नका, आणि शेजाऱ्यांनाही सांगा. लॅब, गोल्डन, स्पिट्झ, जर्मन शेफर्ड सगळे यात आले. तो कोट थंडीत ऊब देतो तसाच उन्हाळ्यात ऊन अडवतो. आतला मेलेला थर फणीने काढून टाकला की हवा खेळते, तेवढं पुरतं. कातडीपर्यंत कापलं तर ऊन थेट लागतं, आणि काहींचे केस परत येतात ते ठिगळासारखे, कधी कधी येतच नाहीत.

तिरकस | १९:०४

येतच नाहीत. बरोबर. म्हणून तर त्यांनी गल्ली सोडली.

अंजूताई_शाहूपुरी | १९:४०

विषय निघालाय म्हणून लिहिते. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा मोती ११ वर्षांचा होता. आम्ही त्याला चादरीत घालून वरच्या मजल्यावर नेलं. पण त्याआधी पायऱ्यांवर तो छातीपर्यंत पाण्यात उभा राहून भुंकत होता, हटायलाच तयार नव्हता. ते पाणी म्हणजे गटार, उंदीर, रॉकेल, सगळ्याचं मिश्रण. वर नेल्यावर नळाला पाणी नाही. प्यायच्या पाण्याच्या कळशीतलं दोन तांबे पाणी मी त्याच्या अंगावर घातलं, तेव्हा सासूबाई काही बोलल्या नाहीत. एरवी त्या मोतीला पाणी पाजायचं भांडंही वेगळं ठेवायच्या.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं, पुराच्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टो नावाचा आजार पसरतो, तो कुत्र्याला होतो आणि माणसालाही. त्याची लस दरवर्षी द्यायची असते. मोतीचं नशीब, त्याची झालेली होती. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा मोती नव्हता.

सोनचाफा | १९:४८

:( अंजू, मोतीचे फोटो टाकले होतेस ना तू एकदा. कान एक उभा, एक पडलेला.

अंजूताई_शाहूपुरी | १९:५०

हो. तोच.

पेठेतला | २०:३५

जरा हलकं करतो. गोचडीवर कोणी बोललंच नाही. माझे आजोबा रॉकेलचा बोळा लावायचे, गोचीड टपकन पडायची. आमचा वाघ्या पण त्या दिवशी जेवायचा नाही.

कागलकर | २०:४४

रॉकेल नको रे बाबा. कातडी भाजते. चिमट्याने अगदी कातडीलगत धरायची आणि सरळ ओढायची, पिळायची नाही, अंगठ्याने फोडायची तर मुळीच नाही. पडलेली साबणाच्या पाण्यात.

जनावरांचा_डॉक्टर | २१:१५

+१ कागलकर. गोचीड नुसतं रक्त पीत नाही, त्यातून गोचीडताप होतो. कुत्रं जेवत नाही, ताप, हिरड्या पांढऱ्या पडतात, रक्तातल्या प्लेटलेट उतरतात, कधी नाकातून रक्त येतं. असं दिसलं तर धाग्यावर विचारत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि याचा अंघोळीशी संबंध आहे. मानेवर टाकायचे थेंब वापरत असाल तर आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अंघोळ नको. ते औषध कातडीच्या तेलातूनच अंगभर पसरतं. रविवारी थेंब आणि सोमवारी शांपू म्हणजे पैसे मोरीत. गोळी दिली तर हा प्रश्न येत नाही. घरात मांजर असेल तर कुत्र्याचे थेंब तिला चुकूनही लावू नका, काहींतलं पर्मेथ्रिन मांजराला मारक असतं.

राजारामपुरीकर, माझा प्रश्न राहिलाच आहे. वास कुठून?

राजारामपुरी_सातवी | २१:४०

सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. वास... अंगालाच येतो की. असा वेगळा बघितला नाही. कसा बघायचा?

जनावरांचा_डॉक्टर | २१:४६

नाक लावून. आधी पाठ, मग चारही पंज्यांच्या बोटांमध्ये, मग शेपटीखाली (हो, तिथेही, तिथल्या ग्रंथी भरल्या तर मासळीसारखा वास येतो), आणि दोन्ही कान उलटून. कुठे जास्त येतो ते सांगा.

तिरकस | २१:४८

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

राजारामपुरी_सातवी | २२:२०

घेतला. बायको दारात उभी राहून व्हिडिओ काढत होती. पाठीला साधा कुत्र्याचा वास. पंजे थोडे आंबूस. शेपटीखाली काही नाही, देवाची कृपा. उजवा कान उलटला आणि मी मागे सरलो. शिळ्या ताकात बुडवलेलं गोणपाट. आत तपकिरी, चिकट मळ, कॉफीच्या चोथ्यासारखा. डावा त्यामानाने बरा. बंडूने कानाला हात लावल्यावर डोकं माझ्या हातात दाबून धरलं आणि मागचा पाय हवेत खाजवल्यासारखा हलवत राहिला. मला वाटलं लाडात आलाय.

सोनचाफा | २२:२४

लाडात नाही हो, खाज आहे ती. बड अजिबात घालू नका आत. सकाळी दवाखाना.

जनावरांचा_डॉक्टर | २२:३०

सोनचाफा बरोबर. आत काहीही ओतू नका, तेल नाही, लसणाचं तेल तर नाहीच. पडदा शाबूत आहे का हे आधी बघावं लागतं. एक विचारतो, अंघोळ घालताना डोक्यावर पाणी कोण आणि कसं घालतं?

रंकाळ्याचा_वारा | २२:३३

ओहो.

पेठेतला | सोमवार, ९:१५

मधल्या वेळात नखांचं कोणी सांगा. आमचा वाघ्या दुसरा फरशीवर चालतो तर टकटक ऐकू येतं, खालच्या मजल्यावरचे वर येऊन गेले.

कागलकर | १०:०२

टकटक ऐकू आलं म्हणजे वाढलीत. पांढरं नख असेल तर आत गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडे थांबायचं. काळं असेल तर कणाकणाने कापायचं, कापलेल्या तोंडाला मधोमध काळपट ठिपका दिसला की बास. शीर कापली तर रक्त थांबत नाही, मग मक्याच्या पिठात नख दाबून धरायचं. आणि पायाच्या आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख विसरू नका, ते जमिनीला टेकत नाही, झिजत नाही, वळून मांसात घुसतं. शेतातल्या कुत्र्यांची बाकीची नखं आपोआप झिजतात, ते तेवढं कापावंच लागतं.

पेठेतला | १०:०८

मक्याचं पीठ नाही, हळद चालेल?

कागलकर | १०:११

चालेल. फरशी पिवळी होईल. खालचे परत वर येतील.

राजारामपुरी_सातवी | सोमवार, १९:२५

दवाखान्यातून आलो. कानातला मळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी. दोन आठवडे थेंब, कान धुवायचं औषध वेगळं, आणि पंज्यांसाठी औषधी शांपू, आठवड्यातून एकदा फक्त पंजे बुडवायचे. बाकी अंगाची अंघोळ महिनाभर बंद, नंतर दीड महिन्यातून एकदा.

डॉक्टरांनीही तोच प्रश्न विचारला, पाणी कोण घालतं. मी. पाइप डोक्यावर धरून, कारण साबण लवकर निघतो. लॅबचे कान झाकलेले, पाणी आत गेलं की वारा लागत नाही, सुकत नाही, त्यात हा पावसाळा. दर रविवारी मी कानात पाणी भरत होतो, मंगळवारी वास सुटत होता, आणि पुढच्या रविवारी तो वास घालवायला पुन्हा पाणी भरत होतो. आता डोकं ओल्या फडक्याने पुसायचं आणि पाणी मानेच्या मागून पुढे न्यायचं नाही, असं ठरलंय. अंघोळीआधी कानात सैल कापूस, नंतर आठवणीने काढायचा.

@सोनचाफा, दह्याची युक्ती पंज्यांसाठी वापरली. एका पंज्याला एक वाटी गेली. चार पंजे आहेत.

गवळ्याचा_पोरगा | १९:४०

गंगावेस. सांगितलं की.

तिरकस | १९:४४

ते सगळं असू दे. घरात कोण जिंकलं?

राजारामपुरी_सातवी | २०:०५

दोघी जिंकल्या. आई म्हणते वास येतोय हे मीच सांगत होते. बायको म्हणते अंघोळ कमी करा हे मी सांगत होते. दोघी आता थेट बोलतात, एकाच सोफ्यावर बसून, बंडू मधे. मला निरोप मात्र अजून त्याच्यामार्फतच. मघाशी आई म्हणाली, "बंड्या, तुझ्या बापाला सांग, तो पाइप गुंडाळून माळ्यावर ठेव."